नाव नावाचं गाव

वुच म्हणजे आमच्या भाषेत नाव,
पाण्यात घालतात ती.
आणि गावात पाणी कुठेच दिसत नाही.
गिरण्या, विटांची धुराडी, ट्रामचे रूळ, बस्स.
वितोल्दनं पहिल्याच दिवशी विचारलं,
माझ्याकडे न बघता, फरशीला :
मग हे नाव खोटं आहे का?

मी त्याच्या शेजारची खुर्ची.
पगारपत्रकात साहाय्यक शिक्षिका,
वर्गात चौथ्या रांगेतली जास्तीची खुर्ची.
त्याच्या फायलीत त्याच्या नावाखाली
आणखी एक नाव टाइप केलेलं : अ‍ॅस्पर्जर.
ते सगळे मला हळू आवाजात सांगतात,
त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.
त्याला तर तिसऱ्या ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते,
जी ऐकायचं आम्ही कधीच सोडून दिलं.

अर्ज केला. तीन आठवड्यांनी
शिपाई झेनोन शिडी घेऊन आला,
मान वर करून उभा राहिला, म्हणाला, आहे खरं.
काढलेला स्टार्टर अजून वितोल्दच्या डब्यात आहे.

चुका माझ्याही.
दोन मिनिटांत आले म्हणून गेले
आणि नऊ मिनिटांनी आले.
सात मिनिटांचं देणं तो विसरत नाही.
शहाण्यासारखा वाग म्हटलं तर विचारतो, कुठल्या?
आता बोलण्याआधी मी शब्द उलटून बघते,
बाजारात बशी घेताना बघतात तसा,
खाली तडा आहे का.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
गणिताच्या जागी गाण्याचा तास आला.
त्याच्या बाकावरच्या पट्टीवर कुणी बदल केला नव्हता.
कुणी म्हणजे मी.
तो बाकाखाली गेला.
हाल्श्काबाई म्हणाल्या, काढा त्याला, सगळे बघतायत.
काढलं नाही. मीच आत गेले,
गुडघे कडाडले.
खालून बाक वेगळाच असतो :
वाळलेलं च्युइंगगम, चार स्क्रू,
कुणाची तरी खरवडलेली आद्याक्षरं.
आजूबाजूला चाळीस बूट गात होते.
आम्ही बोललो नाही.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, एक स्क्रू वेगळा आहे.
होता.

ज्याची नजर खाली असते
त्याला गटारांची झाकणं तोंडपाठ होतात.
कुठलं कुठल्या भट्टीत ओतलं, कुठलं उलटं बसवलं,
तीनशे बारा झाकणं वहीत,
कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उठवलेली.
भूगोलाला सगळ्यांनी गावाचा नकाशा काढला.
त्याच्या नकाशात शाळेच्या पोटाखालून निळी रेघ.
वर्ग हसला. कोर्नेल तर बाक बडवून.
कालिना तेवढी म्हणाली, दाखव.

मोठी सुट्टी, फाटकाबाहेर, उणे सहा.
परवानगी कशी काढली ते सांगत नाही.
तो आडवा झाला, टोपी सरकवून
कान लोखंडाला लावला.
मग कालिना. मग कोर्नेल, इकडेतिकडे बघून.
मग मी, माझा एकुलता एक बरा कोट
आणि माझं वय.

पाणी होतं.
गिरण्यांच्या काळात झाकून टाकलेली नदी
अंधारात आपल्या वाटेनं चालली होती,
कुणाच्या नजरेला नजर न देता.

खोटं नाही, वितोल्द झाकणाला म्हणाला.
नाव बरोबर आहे. पाणी खाली ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी कालिना त्याच्या शेजारी येऊन बसली.
तो म्हणाला, तू फार जोरात श्वास घेतेस.
तिनं खुर्ची एक वीत सरकवली
आणि बसून राहिली.
आता तिथे दोन जास्तीच्या खुर्च्या,
म्हणून शेवटची घंटा झाली तशी मी पिशवी उचलली.
सात मिनिटं, तो म्हणाला.
मी पिशवी खाली ठेवली.